शिळं दूध

नागपंचमीचा आदला दिवस होता. सांगलीतल्या एका बंगल्याच्या मागच्या मोरीत बसून मी त्यांच्या तान्ह्या बाळाची दुपटी धूत होते. आत बाळ रडलं आणि माझा ब्लाऊज ओला झाला. बाळ माझं नव्हतं. पण अंगाला ते कळत नाही. हातातल्या धुतलेल्या दुपट्यावर थेंब पडले.

काकू दारात उभ्या होत्या. काकू म्हणजे त्या घरातल्या सासूबाई. हळदीचा मोठा व्यापार. कुठलाही डाग त्यांना लांबून दिसायचा.

"ते परत धू," त्या म्हणाल्या. "आणि आधी ते काय असेल ते मोरीत काढून टाक. मग कपड्यांना हात लाव. बाळाच्या कपड्यांना तुझा वास नको."

मी म्हणाले, "काकू, पोरगं घरी उपाशी हाय. जाऊन पाजून येऊ का? लगेच येते."

"मग ही बादली कोण बघणार? सासू आहे ना घरी? बाटली दे म्हणावं. आजकाल सगळ्यांची मुलं बाटलीवरच वाढतात."

त्यांच्या घरातलं वाढत नव्हतं. त्यांच्या सूनबाईंना, वहिनींना, डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, बाळाला अंगावरचंच द्या, दुसरं काही नको. त्यासाठी घर कामाला लागलं होतं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेकशेगडी, पाठीला उशा. वहिनींना कपबशी उचलायची नव्हती. ती उचलायला मी होते.

मी भिंतीकडे तोंड केलं आणि पिळलं. काकू गेल्या नाहीत. संपेपर्यंत उभ्या राहिल्या.

"पाणी ओत भरपूर. मुंग्या लागतात."

मी पाणी ओतलं.

हे एकदाच झालं असतं तर मी लिहायला बसले नसते. ते रोजचं झालं. बाळ रडायचं, मी मोरीत जायचे. सांगायची गरजच उरली नाही.

माझा दत्तू तेव्हा दोन महिन्यांचा होता. पहिलं पोर. बाळंतपणाला मी माहेरी जत तालुक्यात गेले होते. तिकडं टँकर आला तर पाणी, म्हणून सव्वा महिना होताच सासरी परतले. नवरा टेम्पोवर होता, आज इथं तर उद्या हुबळीला. बंगल्याचं काम सुटलं असतं तर दुसरं लगेच मिळालं नसतं. दत्तूला सासूजवळ ठेवून मी कामावर उभी राहिले.

एक दिवस काकूंनी पावडरचा डबा दिला. वहिनींना दूध नीट उतरेपर्यंत आणलेला. थोडासाच वापरलेला. "आमच्या बाळाला आता याची गरज नाही. डॉक्टर म्हणाले, देऊच नका. वाया जाण्यापेक्षा तू ने."

जे त्यांच्या बाळाला देऊ नका म्हणून सांगितलं होतं, ते माझ्या बाळाला दान मिळालं. मी हात जोडून घेतलं. वर म्हणाले, "लय उपकार झाले."

सासू वाईट नव्हती. दत्तूवर तिचा जीव होता. पण डबा लवकर संपू नये म्हणून ती पावडर थोडी आणि पाणी जास्त घालायची. पाणी पिंपातलं. पांढरं दिसलं की तिच्या लेखी ते दूध होतं.

आणि दुपारी मी धावत घरी आले, पदर सोडला, की ती मला थांबवायची.

"आगं, उन्हातनं आलीयास. आदी पिळून टाक. शिळं दूध हाय ते. पोराला बाधंल."

आमच्याकडं असंच मानतात. रानातनं, उन्हातनं आलेल्या बाईचं दूध तापलेलं असतं, अंगात साठून शिळं झालेलं असतं. ते आधी जमिनीवर सोडायचं. सासूला तिच्या सासूनं सांगितलं होतं, तिला आणखी कुणी. मी परसात आळवाच्या मुळाशी जाऊन पिळायचे. मग दत्तूला घ्यायचे. तोवर तो बाटली पिऊन झोपलेला असायचा. नाहीतर दोनदा ओढायचा, काही येत नाही म्हणून तोंड फिरवायचा.

"बघ, तुझं दूधच आटलं," सासू म्हणायची.

आटलं नव्हतं. सकाळी मोरीत गेलं होतं, दुपारी आळवाला. वहिनींचं दूध कधी शिळं झालं नाही. त्या उन्हात जातच नव्हत्या.

गौरी आल्या त्या दिवशी दत्तूला जुलाब सुरू झाले. मी सुट्टी मागितली. काकू म्हणाल्या, "उद्या गौरी जेवायच्या आहेत. घरात पन्नास पानं उठणार. आजच बरं सुचलं तुला? लहान मुलांना होतात जुलाब. जायफळ उगाळून दे." दुसऱ्या दिवशी मी पुरणपोळीची भांडी घासली आणि घरी आले. पोराचे डोळे आत गेले होते. टाळू खोल दिसत होती. पदराखाली घेतलं तर ओढायचीही ताकद नव्हती.

तशीच रिक्षा करून मिरजेला दवाखान्यात नेला. तिथला तरुण डॉक्टर पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून बघत होता. कातडी परत बसत नव्हती. माझा ब्लाऊज भिजलेला होता. त्यानं तो पाहिला.

"एवढं दूध आहे आणि बाटली पाजतेस? कसली हौस ही? साहेबीण व्हायची?"

नर्स हसली. मोठ्यानं नाही, पण हसली.

वॉर्डाच्या भिंतीवर गुटगुटीत बाळाला पाजणाऱ्या बाईचं चित्र होतं. खाली लिहिलं होतं, आईचं दूध म्हणजे अमृत. त्या बाईच्या मागं पडदे होते, फुलदाणी होती. बादली नव्हती.

दत्तू दुसऱ्या दिवशी दुपारी गेला.

दूध थांबलं नाही. पोर गेल्याचं त्याला कळलंच नव्हतं. माहेरहून आई आली, तिनं जाईची फुलं फडक्यात घालून छातीवर करकचून बांधली. त्यानं दूध आटतं म्हणतात. फुलं सुकली, दूध येत राहिलं. आज माझे केस पिकलेत. तरी जाईचा वास आला की मी रस्ता बदलते. बसमध्ये कुणाचंही तान्हं रडलं की हात आपोआप पदराकडं जातो.

सुतक फिटल्यावर बंगल्यावर गेले. काकूंनी चहा दिला. माझ्या कपात, मागच्या पायरीवर.

"वाईट झालं. देवाची इच्छा," त्या म्हणाल्या. "पण एका अर्थी बघ, आता तुला घराकडची ओढ नाही. मोकळी झालीस. आता दिवसभर येत जा."

आत बाळ रडलं. मी सवयीनं उठले. मोरीकडं दोन पावलं गेले. आणि थांबले.

"काकू, माझं पोरगं मेलं म्हणून मी मोकळी झाले व्हय?"

"अगं, शब्दात काय पकडतेस! तुमच्यात चार होतात, दोन राहतात. आम्ही काय मारलं का त्याला?"

वहिनी आतल्या पलंगावर बाळाला पाजत होत्या. दार उघडं होतं. त्यांनी मान वर केली नाही.

दुपटी बादलीत भिजत पडली होती. मी बादली उचलली आणि काकूंच्या पायांशी ठेवली.

"धुवा तुमची तुमी."

"माज आला का?" काकू म्हणाल्या. "जा. तुझ्या गल्लीतली शोभा कालच विचारून गेली आहे. उद्यापासून तिला बोलावते."

शोभा माझ्या शेजारची. तिची लेक अजून पालथीही पडत नव्हती. संध्याकाळी तिच्या दारात गेले तर चुलीजवळ धुतलेली बाटली पालथी घातलेली. नवी कोरी. तिची सासू लेकीला मांडीवर घेऊन बसलेली. मला पुढचं सगळं दिसलं, मोरीपासून दवाखान्यापर्यंत.

"शोभे, उद्या पोरीला संगं घेऊन जायचं."

"आवं ताई, आत घेतील व्हय? काम जाईल की माजं."

"जाऊ दे. काम दुसरं बघू. पोरगी कुठनं आणशील?"

ती रडायला लागली. मी रडले नाही. मला सकाळी लवकर उठायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोभाच्या पोटाशी तिची लेक मी जुन्या लुगड्यानं बांधली आणि दोघींना घेऊन बंगल्यावर गेले. मागच्या दारानं नाही. पुढच्या दाराची घंटा वाजवली. काकूंनी दार उघडलं.

"ही शोभा. ही तिची लेक. लेक रडली की शोभा आदी तिला पाजणार, मग तुमचं काम. चालत असंल तर ठेवा."

काकूंनी दार लावलं नाही, बाजूलाही झाल्या नाहीत. रस्त्यावरून सकाळी फिरायला निघालेली माणसं बघत होती. तेवढ्यात लेक रडली. शोभानं माझ्याकडं पाहिलं. मी तिला पुढच्या पायरीवर बसवलं, पदर सारखा केला आणि तिच्या शेजारी बसले. पोरीचं पोट भरेपर्यंत तिला तिथून कुणालाही उठवू देणार नव्हते.