फोटोतल्या कपाळावरचं कुंकू

खंडेनवमीला शेतकरी औजारं पुजतो, गवंडी थापी पुजतो. औषध दुकानदारानं काय पुजायचं? आमच्याकडं फ्रीज, कॉम्प्युटर, आणि भिंतीवर फ्रेम करून लावलेलं माझं फार्मसिस्टचं सर्टिफिकेट. बायको दरवर्षी फ्रेमच्या काचेला कुंकू लावायची. यंदा काच पुसताना माझ्याच हातनं फुटली.

“अहो, आधी काच बसवून आणा, मग पूजा,” ती म्हणाली.

“देवाला काय काच लागते?” असं म्हणून मी ओलं कुंकू थेट कागदावर, फोटोतल्या माझ्याच कपाळावर टेकवलं. वर भक्तिभावानं पाणी शिंपडलं. कुंकू कपाळावरनं नाकावर आणि नाकावरनं नावावर निवांत उतरलं. मी फ्रेम परत खिळ्याला अडकवली. कोण बघतंय भिंतीकडं?

ड्रग इन्स्पेक्टर बघतो. दसरा होऊन आठवडा झाला नाही तोवर साहेब दारात. फ्रीज बघितला, बिलं बघितली, मग भिंतीपुढं थांबले.

“हे कुणाचं सर्टिफिकेट?”

“माझंच, साहेब.”

“फोटो दिसत नाही. नाव दिसत नाही.”

“खंडेनवमीची पूजा केलीय.”

“फार्मसिस्टची?”

मी आधार कार्ड काढलं. ते म्हणाले, “आधारवरचं नाव ताडून बघायला इथं नाव तर पाहिजे!” त्यांचंही चूक नव्हतं. भाड्याचं सर्टिफिकेट ही आमच्या धंद्यातली जुनी कीड. कागद भिंतीवर, कागदाचा मालक कुठल्यातरी कंपनीत नोकरीला आणि गल्ल्यावर दुकानमालकाचा मेहुणा. साहेबांना मी तो मेहुणा वाटत होतो. चार वर्षं कॉलेजात घासून, आयुष्य काउंटरमागं काढून, मी माझाच मेहुणा!

नोंदणी क्रमांक तेवढा वाचला होता. साहेबांनी तो मोबाईलवर टाकला. गोल चक्र फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. सर्व्हर डाऊन.

“खात्री होईपर्यंत विक्री बंद ठेवा,” साहेब म्हणाले, आणि कागद पुढं ओढून लिहायला लागले. एकदा तो शेरा पडला की नोटीस, खुलासा, हेलपाटे आणि दुकानाला कुलूप. माझ्या पोटात गोळा आला. त्यावरची गोळी माझ्याच कपाटात होती, पण विक्री बंद.

तेवढ्यात कोडोलीच्या मावशी आल्या. नेहमीचं गिऱ्हाईक, नेहमीचं भांडण. चिठ्ठी काउंटरवर आपटली.

“म्हाताऱ्याच्या झोपंच्या गोळ्या दे. बस जाईल माझी.”

दुकान बंद आहे, एवढंच सांगायचं होतं. पण हात सवयीचा गुलाम. मी चिठ्ठी उचलली, तारीख बघितली आणि डोकंच फिरलं.

“मावशी, ही तीच जुनी चिठ्ठी! ह्यावरच्या गोळ्या कवाच नेल्यात तुम्ही. झोपेच्या गोळ्या अशा देता येत नाहीत. डॉक्टरांकडनं नवी आणा.”

“परत? मागल्या खेपंला बी असंच माघारी धाडलंस! गोळ्या इकायला बसलायस का लोकास्नी हाकलायला? पलीकडच्या पेठंत मागंल ते देत्यात!”

“मग तिकडं जावा की!”

“तितं उधारी देत न्हाईत म्हणून तर हितं येती मी!” असं म्हणून त्या साहेबांकडं वळल्या. “पावणं, तुमी तरी सांगा ह्याला. जल्माचा आडमुठा हाय. सगळी गल्ली शिव्या घालती.”

साहेबांचा पेन थांबला होता. त्यांनी मला वरनं खालपर्यंत बघितलं.

“गल्ल्यावर मालकाचा मेहुणा असता, तर गोळ्या देऊन मोकळा झाला असता,” ते म्हणाले. लिहिलेली ओळ खोडली. मला वाटलं आता हात जोडावेत, तोवर मावशींनी चिठ्ठी त्यांच्यापुढं धरली.

“मग सांगा ना त्याला, द्यायला.”

“मावशी, चिठ्ठी नवी आणा.”

“ह्यो बी तसलाच!” मावशी चिठ्ठी कमरेला खोचून तरातरा डॉक्टरांकडं गेल्या.

मला डुप्लिकेट सर्टिफिकेटचा अर्ज करायची तंबी मिळाली. त्याच संध्याकाळी पोर्टल उघडलं. पहिलीच अट होती: मूळ सर्टिफिकेटची स्वच्छ प्रत जोडा. बायको मागनं वाकून वाचत होती. तिनं काचवाल्याचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.