पठारावरची दगडी घरं

गौताळ्याच्या अभयारण्यातून चालत पलीकडे पाटणादेवीला उतरायचं म्हणून कन्नडच्या बाजूनं निघालो तेव्हा आम्ही ऑफिसातले सगळे एकत्र होतो. पठार अर्धं ओलांडेपर्यंत आम्ही दोघीच मागे उरलो. कारण मी. साळिंदराचा काटा दिसला की मी बसकण मारते, वाटेत लेंड्या दिसल्या की त्या कुणाच्या याचा छडा लावल्याशिवाय मला उठवत नाही. साहेबांसकट बाकीचे कंटाळून वाटाड्याबरोबर पुढे गेले. शेंद्र्याच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण तेवढी थांबली.

"कुणाच्या आहेत ते कळलं तर परत देणार आहेस का?" तिनं विचारलं.

ती खुलताबादची. रोज दोन बस बदलून शेंद्र्याला येते. जूनपासून तिच्या मुलीची अकरावी सुरू होणार, तीही शहरात. त्याआधी शहरात भाड्याचं घर मिळालं तर ठीक, नाहीतर नोकरी सोडायची, असं घरात ठरलेलं. घरांसाठी फोन मी करायचे. खोल्या रिकाम्या असायच्या, भाडं पटायचं, नळाला पाणी किती वेळ येतं तेही कळायचं. शेवटी मालक विचारायचे, राहणार कोण, नाव काय? मी मैत्रिणीचं नाव सांगितलं की त्यांना एकदम आठवायचं, घर तर कालच कुणाला तरी दिलं. माझं डोकं भणाणून जायचं. ती म्हणायची, "जाने दे, पुढचा नंबर लाव."

पुढे वाटेला फाटा फुटला. दोन्हीकडे सारखंच वाळलेलं गवत, मोबाईलला रेंज नाही. डावीकडे मला चपट्या दगडांची छोटीशी चळत दिसली, मोठा दगड खाली, लहान वर. मी खूश झाले. डोंगरात मागच्यांना वाट कळावी म्हणून असे दगड रचतात, हे ज्ञान मी तिला ऐकवलं. थोडं गेलो की दुसरी चळत, मग तिसरी. मग तर पावलापावलाला.

"इतक्या खुणा?" ती म्हणाली. "आपल्या साहेबांवर कुणाचाच भरवसा नाही वाटतं."

मलाही शंका आली, पण पाय थांबेनात. काही चळतींना खाली दारासारखी फट ठेवलेली होती. एकीला तर कुंपणही होतं. वाट दाखवायला कुंपण कशाला, हे मला काही केल्या कळेना. शेवटी एका अंजनाच्या झाडापाशी आलो. झाडाखाली शेंदूर लावलेली देवी, सभोवती चळतीच चळती, आणि पुढे सरळ कडा. खाली खानदेशचं रान पसरलेलं. तिथं एक बाई बसून एक चळत उतरवत होती.

"पाटणादेवीची वाट हीच ना?" मी विचारलं.

"इथून खाली वानरंच जात्यात, बाई."

"मग या खुणा?"

बाई पोट धरून हसली. "खुना न्हाईत, घरं हायेत ती. ज्याला घर नाय त्यो इथं येऊन देवीम्होरं रचून जातो. घर झालं की येऊन उतरवायचं. माझं झालं औंदा, दोन खोल्यांचं." ती दगड अंजनाच्या बुंध्याशी नीट लावून ठेवत होती. "हे पुढल्या मानसाला. मी वाट दावते, एवढं हुंद्या."

मैत्रीण त्या दगडांपाशी उकिडवी बसली. "आमच्याकडं दर्ग्यात धागा बांधतात," ती म्हणाली. "मला चालेल का इथं?"

"घर नाय का तुम्हाला?"

"नाही."

"मग चालंल की."

तिनं तेच दगड उचलले. आधी एक रुंद दगड, हलतोय का ते दाबून पाहिलं, मग भिंती. वरचा मजला घालू का म्हटलं तर म्हणाली, नको, पाणी चढत नाही. मी हसले. इतकी वर्षं शेजारी बसते, तिला घर किती हवंय ते मला तेव्हा कळलं.

"आता नाव घ्या," बाई म्हणाली. "मोठ्यानं, समदं. कुनाचं घर ते तिला कळाया नको?"

फोनच्या सवयीनं माझंच तोंड उघडलं. मैत्रिणीनं हातानं मला गप्प केलं. ती उभी राहिली, हात झटकले, ओढणी सारखी केली, आणि स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं कड्याखाली ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

बाईनं मान हलवली. "आन् पोरंबाळं? त्यांचीबी घ्या. ती ऱ्हानार नाय व्हय तिथं?"