आधी सामान डिकीत

विमानतळाबाहेरच्या आमच्या टॅक्सीरांगेत त्याला सगळे फौजदार म्हणायचे. मिशा पांढऱ्याशुभ्र, नजर कायम चोराच्या मागावर. चहा पातळ झाला तरी त्यात त्याला कुणाचा तरी हात दिसायचा.

अलीकडे परदेशी पाहुणे आमच्या गाड्यांकडे ढुंकूनही बघेनासे झाले होते. एवढाल्या बॅगा ओढत, घामाघूम होत जायचे, पण बसनेच. फौजदाराने गुन्हेगार लगेच शोधला, आणि तोही घरातला. त्याची सून आत चौकशीच्या खिडकीत बसायची.

"बसवाल्यांनी फितवलंय तिला," तो मला म्हणाला. "खिडकीशी गेलेला प्रत्येक जण बसकडेच वळतो. मी काय आंधळा आहे?"

"अरे, घरची पोर आहे ती."

"म्हणून तर जास्त झोंबतं!"

रोज संध्याकाळी सून त्याच्या गाडीतून घरी जायची. तेही त्याने बंद केलं. "तुझ्या लाडक्या बसने ये," असं तिला तोंडावर सांगितलं. आणि आज तर मुलाला आणि तिला घराबाहेरच काढतो म्हणाला. माझं डोकंच फिरलं. हाताला धरून मी त्याला आत नेलं आणि खिडकीजवळच्या खांबाआड उभं केलं.

मघाशी दाराशी त्याच्या तावडीतून निसटलेलं परदेशी जोडपं तिथे उभं होतं. सून त्यांना सांगत होती, "टॅक्सीने जा ना. ते पांढऱ्या मिशांचे माझे सासरे आहेत. अजिबात फसवणार नाहीत." एवढं इंग्रजी आम्हा दोघांनाही कळायचं.

बाई दचकली. "ते? त्यांनी तर माझ्या हातातली बॅग ओढली! नको बाई, बसच बरी. तिथे बॅग मांडीवर तरी राहते."

सामान एकदा डिकीत गेलं की गिऱ्हाईक आपलं, ही आमच्या रांगेची जुनी रीत. त्यात फौजदाराचा हात सगळ्यांत चलाख. त्याचं तोंड एवढंसं झालं. मला त्याची कीव आली, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी सून बाहेर आली आणि बसथांब्याकडे वळली. तो डिकी उघडून तिच्या वाटेत उभा राहिला. सवयीने हात तिच्या बॅगेकडे गेला, तो त्याने चटकन मागे घेतला.

"चल, गाडीने जाऊ."

तिने त्याला नखशिखांत न्याहाळलं. "आज काय काढलंत, बाबा?"

"काही नाही गं. चुकलो मी."

ती मागच्या सीटवर बसली. त्याने रिकामीच डिकी लावली. बॅग तिने मांडीवर घट्ट धरून ठेवली होती.