मागांच्या आवाजातली झोप

मुलांनो, तिकडे इंग्लंडात तुम्ही राहता ती इमारत पूर्वी कापडगिरणी होती, असं तुम्ही हौसेने सांगितलं होतं. काल इथे सोलापुरात, शेजारी जे पाहिलं, त्यानंतर तुमची ती इमारत माझ्या मनातून जात नाही. म्हणून लिहिते आहे.

समोरच्या व्यंकय्यांनी आपले टॉवेलचे माग भंगारात दिले. त्यांचा माल परदेशी जायचा. आता तिकडचे व्यापारी दुसऱ्या देशांतून स्वस्तात घेतात. माग थांबले आणि त्यांची तान्ही नात झोपेना. पोटात असल्यापासून तिने ती खटखट ऐकलेली. काल मी त्यांच्याकडे गेले, तर त्यांची सून पाळण्यात मोबाइल ठेवत होती. त्यात तिने मागांचा आवाज भरून ठेवला होता.

“बघा काकू, कारखाना चालू झाला!” ती हसत म्हणाली.

“बंद कर गं ते,” व्यंकय्या म्हणाले.

“मग तुम्हीच झोपवा, मामंजी.”

ते बाहेर पायरीवर जाऊन बसले. पोर लगेच झोपली.

तुमच्या तिकडच्या गिरण्या बंद पडत होत्या, तेव्हा आमच्याकडे माग वाढत होते आणि आम्ही त्याला बरकत म्हणत होतो. तुमच्या इमारतीच्या पायरीवर तेव्हा कोण येऊन बसलं असेल? आज कुठल्या तरी परक्या गल्लीत नवे माग लागले असतील, त्यांच्या खटखटीत एखादं बाळ निवांत झोपलं असेल.

इथले माग गेले. त्यांचा आवाज अजून आहे, आणि त्या आवाजात व्यंकय्यांची नात झोपते.