रुक्मिणीबाईची राखण

पिंपरीच्या आबाजीला आयुष्यात एकच काम धड जमलं, ते म्हणजे ज्वारीची राखण. शेतात उंच खांबांवर बांधलेल्या माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची आणि अधूनमधून "हुऽऽ" अशी हाक द्यायची. शेजारच्या माळ्यावरून उलट "हुऽऽ" आली की तिकडचा राखणदार जागा. नाही आली तर धावत सुटायचं, कारण तिकडं पाखरं उतरलेली असायची. शेजारच्या माळ्यावर त्याची बायको, रुक्मिणीबाई असे. तिची हाक कधी चुकली नाही.

छप्पन्न साली तिचा कान वाहू लागला. आबाजीनं रीतीप्रमाणे लसणाचं तेल घातलं आणि हा शहाणा निर्धास्त झाला. ताप मेंदूत चढला तेव्हा कुठं तिला पुण्याच्या इस्पितळात नेलं. इंजेक्शनांनी जीव वाचला, पण वाचा गेली आणि ओळखही गेली.

"डाक्टरसाहेब, बोलंल का वो ही?"

डॉक्टर भला माणूस. त्यानं समजावलं, "मेंदूतही राखणदार पेशी असतात, मज्जापेशींच्या आसपास हात पसरून बसलेल्या. जंतू शिरले की त्या धावतात, त्यांना गिळतात, मेलेल्या पेशी उचलून नेतात. मज्जापेशींची हाक त्यांना कशी पोचते, ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही. पण मज्जापेशी एकदा मेली, की ती पुन्हा उगवत नाही."

शेवटचं वाक्य आबाजीच्या कानात शिरलंच नाही. राखणदार झोपलेत, त्यांना जागं केलं पाहिजे, एवढंच त्यानं धरलं. घरी आणल्यावर तो तिच्या उशाशी बसून हाका देऊ लागला.

"भावजी, तिला निजू द्या की जरा," जाऊ छबूबाई कळवळून म्हणाली.

"निजली तर पाखरं उतरत्यात," आबाजी म्हणाला.

सुगी आली. शेताकडं तो फिरकला नाही. पाखरांनी कणसं फस्त केली. आणि एका दुपारी रुक्मिणीबाईचे ओठ हलले.

"हुऽऽ."

छबूबाई ओरडतच बाहेर धावली. आळी गोळा झाली, साखर वाटली गेली. आबाजी ढसाढसा रडला.

"रुक्मिणे, मला वळखलंस?"

"हुऽऽ."

"पाणी देऊ?"

"हुऽऽ."

बाहेर कुत्रं भुंकलं. "हुऽऽ." कुणी घागर खाली ठेवली. "हुऽऽ." मग सगळे गप्प झाले, तरी भिंतीकडं बघत तिचं चालूच होतं.

"बोलती झाली की वो!" छबूबाई डोळे पुसत म्हणाली. आबाजीनं बायकोच्या तोंडात चिमूटभर साखर घातली. ती तशीच ओठांवरून ओघळली.

त्या दिवसापासून त्यानं हाका देणं सोडलं. ती मात्र देतच राहिली, आणि त्याच्याच्यानं एकदाही उलट हाक देववली नाही.