बिनसीटच्या सायकलींचा वना

भिंतीपलीकडून पुना ओरडला, तेव्हा मी तव्यावर कळण्याची भाकरी टाकली होती. पुना माझा धाकटा दीर. माणूस इतका मऊ, की तो ओरडला म्हणजे घरात चोरी झाली असंच समजायचं.

"मनी सायकलनी सीट कोठे शे रे?"

"काढी टाकी." हा त्याचा मुलगा वना. चाळिशीला आलेला, भडगावच्या बाजारात सायकलचं दुकान चालवणारा, एका मुलीचा बाप.

"आनि कॅरिअर?"

"तेबी काढं. मडगार्ड काढं, स्टँड काढं, घंटी काढी. बठ्ठं फुकटनं वजन."

"मंग मी बसू कोठे? तुना डोकावर?"

"आबा, हाई बसानी सायकल नही आते. उड्या मारानी शे."

"या वयमा मी उड्या मारू?"

पुना विचारत होता, गवताचा भारा आता कशावर आणू. वना सांगत होता, भारा वाहणाऱ्याला सायकल काय कळणार. बापाला, आणि तोंडावर. माझी भाकरी जळाली ती त्यापायीच.

वना गेल्यापासून लोक त्याच्याबद्दल गोड बोलतात. मी त्याची मोठी काकू, मला तो अक्का म्हणायचा, पण मला ते गोड बोलणं जमत नाही. या माणसाने जन्मभर दुसऱ्याच्या सायकलींना नावं ठेवली. कोणी पंक्चर काढायला आलं की आधी सायकलीकडे असं बघायचा, जसं कोणी त्याच्या ताटात झुरळ वाढलंय. स्प्रिंगांची सायकल आली तर म्हणायचा, "सायकल शे का पाळणा?" गिअरची रंगीबेरंगी आली तर तिला लग्नातला घोडा म्हणायचा. गिऱ्हाईक चिडून पुढच्या दुकानात जायचं आणि हा खूश व्हायचा, जसं काही युद्ध जिंकलं.

हे खूळ मोबाइलमधून आलं. कुठल्या तरी देशातला पोरगा सीट नसलेल्या सायकलीवर उभा राहून भिंतीवर उडी मारतो, भिंतीवरून पिंपावर, आणि पाय जमिनीला लावत नाही. वनाने ते बघितलं आणि त्याचं डोकं फिरलं. स्वतःला तर सायकलीसकट ओटासुद्धा चढता येईना. एकदा करून बघितलं, मग त्याची बायको कोकिळा आठवडाभर त्याची कंबर शेकत बसली. म्हणून मग उड्या मारायला त्याने मुलीला धरलं. डिंपल तेव्हा शाळेत जायची.

पहिली सायकल केली ती बुटकी. भंगारातून लहान मुलांची उचलली, चेनचं कव्हर कापून फेकलं आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पाइपाचे तुकडे बसवले. त्यांच्यावर उभं राहायचं म्हणे. पायडल असताना पाइपावर उभं कशाला राहायचं, असं मी विचारलं तर म्हणाला, "अक्का, हाई बीएमएक्स शे. तुले समजाव नही." नाही समजलं बाबा. चाकात तारा मात्र जास्त भरल्या, ते समजलं. उंचावरून आपटलं की साधं चाक पापडासारखं वाकतं.

मग मोठी केली, ती पुनाच्या सायकलीची, बिनसीटची. पुढची दातेरी चकती काढून बशीएवढी लहान लावली. त्याने सायकल पळत नाही, पण जागच्या जागी जोर लागतो. मागे जाडजूड टायर, आणि त्यात हवा कमी, म्हणजे ते दगडाला चिकटून बसतं. मागच्या चाकाचं फ्रीव्हील आणायला तो जळगावला कुंदनशेठच्या दुकानात जायचा आणि एकेक कानाशी धरून फिरवायचा. टिकटिक दाट पाहिजे. विरळ असली की पाय आधी पोकळीत जातो, जोर मागून लागतो, आणि तेवढ्यात माणूस दगडावरून खाली आलेला असतो. बाकीची गिऱ्हाइकं उभी राहून कंटाळायची.

"वनाभाऊ, फ्रीव्हील घेताय का नाडी बघताय?" कुंदनशेठ विचारायचे.

"तुमना मालच आजारी शे शेठ, मी काय करू?"

सगळ्यात मोठा तमाशा रिमचा. चांगली नवी, चकचकीत रिम घ्यायची आणि तिच्यावर ग्राइंडर फिरवून ती खरबरीत करायची. का, तर ब्रेकच्या रबराने तिला घट्ट धरावं. ब्रेक दाबला की असा चरचराट व्हायचा की गल्लीतली कुत्री रडायला लागायची. रिमला तेलाचा थेंब लागायला नको, हे त्या घरात आरतीपेक्षा जास्त वेळा म्हटलं जायचं. कोकिळा डोक्याला तेल लावून सायकलीजवळून गेली तरी खेकसायचा.

डिंपल गिरणेच्या पात्रातल्या खडकांवर शिकली, आणि चांगली शिकली. पोरगी मुळात धीराची. बापाने उलट तिला छळलंच. आज हँडल उंच केलं, उद्या रुंद केलं. हाताला सवय लागेपर्यंत सायकल बदललेली. ती पडायची, आणि हा म्हणायचा, "आते समजनं, चिमटा बदलना पडी." म्हणजे पुढचं चाक धरणारा तो दांडा. पोरगी रक्त पुसतेय आणि हा दांड्याकडे बघतोय.

धुळ्याला दसऱ्यानंतर स्पर्धा ठरली. तिथल्या एका क्लबला मुलांना शिकवणारी बाई पाहिजे होती, क्लबवाले बघायला येणार होते. नोकरी देऊ म्हणाले, सायकलही देऊ म्हणाले. त्याच्या महिनाभर आधी मी त्यांच्या ओसरीत शेंगा फोडत बसले होते, तेव्हा डिंपल बापाला म्हणाली, "पप्पा, एक सांगून ठेवते. यावेळी तुमच्या सायकलीमुळे पडले, तर मी क्लबची सायकल घेणार."

"खोक्यामधली?"

"हो. खोक्यातली."

ती पळून जाऊन लग्न करणार म्हणाली असती तर वना इतका खचला नसता. नोकरीचं त्याला काही सुखदुःख नव्हतं. आपली पोरगी दुसऱ्याने जोडलेल्या सायकलीवर उभी राहणार, एवढंच त्याच्या काळजाला लागलं. महिनाभर त्याने एक पंक्चर काढलं नाही. सायकल उलटी टांगून तिच्याखाली बसला. सगळं मनासारखं जुळलं, तेव्हा कोकिळाची जुनी साडी गुंडाळून ठेवून दिली आणि डिंपलला सांगितलं, आता हात लावायचा नाही, थेट धुळ्याला सोडायची.

आम्ही जीपने गेलो. उशीर झाला, पोरीला मैदानात तशीच उतरवली. मैदानात सिमेंटचे पाइप, ट्रॅक्टरचे टायर, लाकडाच्या पेट्या मांडलेल्या. पाय टेकला की गुण गेले. पहिले पाइप बुटके होते, डिंपल नुसत्या तोलावर पार झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वनाने आजूबाजूला असं बघितलं जसं मैदान त्याच्या बापाचं. मग ती उंच पेटीवर चढली आणि ब्रेक दाबला. चरचराट झालाच नाही. चाक गरकन पुढे गेलं आणि पोरगी पेटीच्या पलीकडे. हनुवटी फुटली.

कोकिळा मुलीकडे धावली. वना सायकलीकडे.

"कुंदनशेठनी फसाडं!" तो बोंबलायला लागला. "रबरच खोटं दिधं!" मग म्हणाला टायर खोटं. मग म्हणाला पेटीच वाकडी ठेवलीय. डिंपल हनुवटीला ओढणी धरून आली, तिने रिमवर बोट फिरवलं, वास घेतला आणि ते बोट बापाच्या नाकाखाली धरलं.

"पप्पा, हे काय आहे?"

खोबरेल तेल होतं.

कोकिळाने हात जोडले, म्हणाली, मी शिवलेसुद्धा नाही. तिला शिवायची गरजच नव्हती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. दुकानातले पाने, हातोडी, पकडी, पंप, सगळं धुवायचं, खोबरेलाच्या फडक्याने पुसायचं, कुंकू लावून पाटावर मांडायचं. वना लहानपणापासून ते करत आला. त्या दिवशीही बसला, एकेक पाना पुसला, आणि गुंडाळलेली साडी काढून त्याच फडक्याने सायकलही पुसली, हँडलपासून रिमपर्यंत. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, बघा कशी चांदीसारखी दिसते. हा मान डोलावत होता. जगाला अक्कल शिकवणारा माणूस, आणि नवमीचं फडकं हातात आलं की स्वतःची अक्कल पाटावर ठेवून मोकळा.

परतताना पारोळ्यापर्यंत मान खाली घालून बसला. मला वाटलं आता तरी शरमला. पारोळा मागे पडल्यावर म्हणाला, "ते तेलबी भेसळनं व्हतं."

क्लबने डिंपलला ठेवून घेतलं. हनुवटीला पट्टी मारून ती त्यांच्या सायकलीवर पुन्हा चढली होती, ते त्यांना आवडलं. ती धुळ्याला राहायला गेली आणि बोललेलं तिने खरं केलं, खोक्यातली सायकल घेतली.

होळीपर्यंत वनाने धुळ्याचं नाव काढलं नाही. मग एकदा लोणचं पोचवायच्या निमित्ताने जाऊन आला. माझ्या ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "अक्का, रंग दियेल गधडं शे ते." पुढच्या खेपेला लोणच्याच्या बरणीखाली हँडल होतं. डिंपल फोनवर माझ्याजवळ ओरडली, मी म्हटलं तुझा बाप, तू बघ. शेवटी तिने त्याला सांगितलं, ब्रेकला हात लावायचा नाही, बाकी काय करायचं ते करा. आणि कोणाच्या बापाचं न ऐकणाऱ्या वनाने तेवढं ऐकलं. दर खेपेला काहीतरी घेऊन जायचा. आधी पायडल, मग चकती, मग चेन, मग चिमटा. ती दर वेळी चिडायची आणि दर वेळी चालवायची. होता होता त्या सायकलीत क्लबचा सांगाडा आणि ब्रेकच राहिला.

वना झोपेतच गेला, माघात. आदल्या दिवशी मागचं चाक बदलायला धुळ्याला गेला होता. फ्रीव्हील कुंदनशेठकडून कानाने निवडलेलं, तारा स्वतः भरलेल्या. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, चाकाचं तिकीट पडेल. "घेसू, पन मंग खिडकीपान बसाड त्याले," असं म्हणून याने पारोळ्यापर्यंत वाद घातला. धुळ्याला चाक बसवलं. ब्रेकचं काम आलं तेव्हा पाना डिंपलच्या हातात देऊन बाजूला झाला. क्लबच्या चहाला गरम पाणी म्हणाला, तिथल्या पोरांच्या सायकलींना भंगार म्हणाला, आणि परतीची गाडी धरली. दिवेलागणीला घरी आला. क्लबचं काढलेलं चाक बरोबर आणलं होतं, ते माझ्या ओट्याला टेकवलं.

"अक्का, भंगारवाला उना ते हाई त्याले दी टाकजो," म्हणाला, आणि जेवायला घरात गेला.