विचारपुशीचे फोन

साथीच्या दुसऱ्या लाटेत यवतमाळच्या आमच्या दवाखान्यात एका जुन्या गोळीची चाचणी चालली होती. सांधेदुखीवर वर्षानुवर्षं दिली जाणारी, स्वस्त, कुठल्याही मेडिकलात मिळणारी गोळी. या आजारात ती माणसाला वाचवते का, एवढंच बघायचं होतं. कोणाला नेहमीच्या औषधांसोबत ही गोळी द्यायची आणि कोणाला नाही, हे चिठ्ठी टाकल्यासारखं संगणक ठरवायचा. संमती घेणं, गोळ्यांचा हिशेब ठेवणं आणि घरी गेलेल्यांना फोन करून तब्येत विचारणं ही कामं माझी होती. फोन मी सकाळी लावायची, माणसं शेतात जायच्या आत.

दारव्ह्याजवळच्या गावातला एक माणूस आमच्याकडून बरा होऊन गेला. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कामाला होता. त्याच्या वाट्याला गोळी आली होती. नंबर त्याने बायकोचा दिला होता. पहिल्याच फोनला तिने भराभर उत्तरं दिली. चांगले आहेत, जेवतात, चालतात. घरी सासूलाही हाच आजार झालाय, म्हणून ह्यांना उमरखेडला माझ्या भावाकडे ठेवलंय. मी म्हटलं, भावाचा नंबर द्या, त्यांच्याशीच बोलते. फोन कटला. मी यादीतला पुढचा नंबर लावला.

दुपारी तिचाच फोन आला. मागे वारा वाजत होता. ती शेताच्या धुऱ्यावर, बांधावर जाऊन बोलत होती.

"मॅडम, ते नाहीत. उमरखेडले दम वाढला, नांदेडले नेता नेता गेले. तिकडंच सारं केलं. आत्याबाईले सांगतलं नाही."

आत्याबाई म्हणजे सासू. ती घरीच ऑक्सिजनच्या मशीनवर होती आणि धक्का बसेल असं काही तिच्या कानावर घालू नका, असं गावातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. सकाळी माझा फोन स्पीकरवर होता. उत्तरं मला नव्हतीच, खाटेवरच्या म्हातारीला होती. ती ऐकून म्हातारी आजारपणात पहिल्यांदा नीट जेवली होती.

"फोन करत जा मॅडम," सून म्हणाली. "मशीन सुटेपर्यंत."

मी मृत्यूची नोंद केली, मुख्य डॉक्टरांना कळवलं. गोळीने काही फरक पडत नाही, हे पुढे निकालात समजलं. तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. चाचणीपुरता तो माणूस तिथे संपला. तो नंबर मात्र मी यादीत शेवटी ठेवला.

मी विचारायची, ती सांगायची. त्या फोनवर तो हळूहळू सुधारत गेला. अंगणात फिरायला लागला. दाढी करून घेतली. एकदा ती म्हणाली, मटण मागून राह्यले, भावजय वैतागली. मागे म्हातारी हसली. मी म्हटलं, इतक्यात तिखट देऊ नका त्यांना, आणि वजन उचलू देऊ नका. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, हे मी म्हातारीला ऐकवायला बोलले नव्हते. मला खरंच त्याची काळजी वाटली होती.

मशीन सुटलं आणि एके सकाळी म्हातारीने स्वतःच फोन उचलला.

"बाई, मी त्याची माय. तो मायासंग काहून बोलत नाही?"

घसा बसलाय म्हणून, मी म्हटलं.

"तुमाले सारं समजते त्याचं. मलेच नाही. बाजारात मी गेलती, आजार मीच आणला घरात. राग धरला त्यानं. त्याले म्हणा, माय पाया पडते."

राग नाही धरला, एवढंच मी बोलू शकले.

दुपारी मी सुनेला सांगितलं, आता हे थांबवायला हवं. ती म्हणाली, "मी कशी सांगू? मंगळसूत्र घालून बसली त्यांच्यापुढं." मग मी तिला क्रम लावून दिला. आधी उमरखेडहून भावाला बोलवा. डॉक्टर घरात असतील तेव्हाच बोला. मशीन हाताशी ठेवा. शेजारची एखादी मोठी बाई जवळ बसवा. ती प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेली.

दुसऱ्या दिवशी फोन आला. सांगून झालं होतं. म्हातारी खूप रडली, मग भिंतीला टेकून बसली. श्वास ठीक होता. आजार आपण आणला, हे तिने पुन्हा काढलं नव्हतं.

"एकच विचारून राह्यल्या," सून म्हणाली. "मंग त्या बाई इतके दिवस कोणाची तब्येत विचारत होत्या?"

फोन आजही स्पीकरवर होता. म्हातारीचा श्वास मला ऐकू येत होता.

"त्याचीच, माय," मी म्हटलं.

पलीकडून कोणी फोन ठेवला नाही. शेवटी मीच ठेवला.